गोधडीचा वरचा थर तयार आहे, पण मागे चुण्या पडतात: अस्तर, कडेची पट्टी आणि कोपऱ्यांबद्दल मदत हवी

शनिपारची_सुई

नमस्कार मंडळी. तीन कामं शेवटच्या टप्प्यावर अडली आहेत. मापांसकट लिहिते, म्हणजे सांगणाऱ्याला सोपं जाईल.

पहिलं काम एकेरी पलंगाची गोधडी. वरचा थर ६० × ९० इंच, तयार ५ इंचाचे २१६ सुती चौकोन. मध्ये भरायला १५० जीएसएमची (चौरस मीटरला १५० ग्रॅम) पॉलिएस्टर शीट. अस्तर नवं सुती, ४४ इंच पन्ह्याचे दोन पाट जोडून केलेलं. मशीन साधं सरळ टीपेचं, मोटर लावलेलं. तिन्ही थर टाचण्यांनी साधारण वीतभर अंतरावर टाचले आणि मधून सुरुवात करून चार उभ्या, दोन आडव्या टिपा मारल्या. वरून छान दिसतं. उलटून पाहिलं तर अस्तराला चुण्या, आणि दोन ठिकाणी तर दुमडच शिवली गेली आहे. उसवावं लागणार हे कळतंय. पुन्हा तसंच होऊ नये म्हणून काय करू?

दुसरं, याच गोधडीची कडेची पट्टी. किती लांब, किती रुंद, उभी कापू की क्रॉस, म्हणजे कापडावर तिरपी? तुळशीबागेत तयार पायपीन पट्टी मिळते ती चालेल का?

तिसरं, बारशासाठी दुपटं. ३६ × ४० इंच, जुन्या सुती साड्यांचे चार थर, हाताने धावदोरा घालायचा आहे. कडा कशा बंद करू?

आणि उरलेल्या तुकड्यांतून तवा धरायची कापडं करायची आहेत. मध्ये हीच शीट घातली तर चालेल ना? चौकोनांपैकी काही गडद लाल आहेत, धुताना रंग जाईल अशी धास्ती आहे.

टाचण

ताई, दोष टिपेचा नाही, टाचण्याचा आहे. वीतभर म्हणजे आठ-नऊ इंच अंतर. तेवढ्यात अस्तर हवं तिकडे सरकतं. मशीनचे दाते खालचं कापड पुढे नेतात आणि फूट (सुईपाशी कापड दाबून धरणारा पाय) वरचं कापड दाबून अडवतं. त्यामुळे प्रत्येक ओळीत थर एकमेकांवरून थोडे घसरतात. पहिल्या दोन-तीन उभ्या टिपांत ते कळत नाही. आडवी टीप त्यांना छेदायला आली की साचलेला ढिलेपणा पुढे पळायला जागा उरत नाही आणि तो तिथेच दुमडून शिवला जातो. तुमच्या दोन्ही दुमडी उभ्या-आडव्या टिपा मिळतात तिथेच असणार, बघा.

आधी उसवायचं कसं ते सांगतो. ब्लेड फिरवू नका. मागच्या बाजूने दर चौथा टाका उसवणीने कापा, मग उलटून वरचा दोरा टोकाला धरून ओढा, अखंड निघून येतो. मागे उरलेले तुकडे चिकटपट्टीने टिपून घ्या. अस्तर शीटपासून सुटं करून पाणी शिंपडून इस्त्री करा. शीटला इस्त्री अजिबात लावू नका, ती दबते आणि पुन्हा फुगत नाही.

आता मांडणी. अस्तर चारही बाजूंनी ४-४ इंच जास्त हवं, म्हणजे ६८ × ९८. तुमचे दोन पाट जोडलेत ना? जोडाच्या आत कापडाची किनार राहिली आहे का ते आधी तपासा. किनार घट्ट विणलेली असते, धुतल्यावर बाकीच्या कापडापेक्षा वेगळी आटते आणि मधोमध एक ओढलेली रेघ कायमची बसते. किनार अर्धा इंच कापून टाका, ४ सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) माया, म्हणजे टिपेबाहेरचं कापड, ठेवून पुन्हा जोडा, माया दोन्हीकडे उघडून इस्त्री करा.

फरशी पुसून कोरडी करा. अस्तर उलट बाजू वर करून पसरा. चिकटपट्टी आधी एका बाजूच्या मधोमध लावा, मग बरोबर समोरच्या बाजूच्या मधोमध, मग उरलेल्या दोन बाजूंच्या मधोमध, आणि तिथून कोपऱ्यांकडे. कापड सपाट हवं, ताणलेलं नको. हात फिरवला तर लाट येऊ नये, पण बोटाने उचललं तर सहज उचललं जावं. तबल्यासारखं ताणलं तर चिकटपट्टी काढल्याबरोबर ते आकसतं आणि चुण्या मग वरच्या थरात येतात.

शीट घडीतून काढून आदल्या रात्री मोकळी पसरून ठेवा, घडीचे वळ जातात. अस्तर, शीट आणि वरचा थर या तिन्हींचे मध्य चारही बाजूंना पेन्सिलीने खुणावून घ्या आणि एकावर एक जुळवा.

मग कच्चे टाके. पांढरा साधा दोरा, लांब सुई, दोन-दोन इंचाचे टाके. मधून कडेकडे जा, ओळींत एका मुठीचं, म्हणजे साधारण ४ इंचांचं अंतर ठेवा, आधी उभ्या आणि मग आडव्या. सेफ्टी पिनाही चालतात, पण ४ इंचांवर लावायच्या तर या मापाला सव्वातीनशेच्या आसपास लागतील. साध्या टाचण्या मात्र नकोत. गोधडी गुंडाळून मशीनखाली सरकवताना त्या सुटतात. एक संध्याकाळ फरशीवर वाकून बसावं लागेल, पण पुढच्या सगळ्या टिपा त्याच संध्याकाळवर उभ्या राहतात.

दुहेरी_टीप

टाचणने मांडणी सांगितली, मी मशीनबद्दल सांगते.

वॉकिंग फूट घ्या. त्याला वरूनही दाते असतात, त्यामुळे वरचा आणि खालचा थर बरोबरीने सरकतो. घेण्याआधी तुमच्या मशीनचं माप पाहा: फूट खाली टेकवून त्याच्या स्क्रूपासून खालच्या प्लेटपर्यंत साधारण पाऊण इंच असेल तर लो-शँक, म्हणजे आखूड दांड्याचं. बहुतेक घरगुती मशीन याच जातीची. फुटाचा छोटा दांडा सुईच्या स्क्रूवर बसला पाहिजे. तो खालीच राहिला तर वरचे दाते हलतच नाहीत आणि पैसे वाया गेले असं वाटतं.

फूट मिळेपर्यंत दाबाच्या दांड्याच्या वरचा स्क्रू दोन फेरे सैल करा. जाड थरावर दाब कमी असलेलाच बरा.

सुई १४ नंबरची, नवी. आठेक तास शिवून झालं की बदला. टोक बोथट झालं की टाके गळतात आणि टकटक असा आवाज यायला लागतो. टाका ३ ते साडेतीन मिलिमीटर, म्हणजे इंचात आठेक टाके. ब्लाउजचा बारीक टाका इथे चालत नाही. जाड थरात तो रुतून बसतो आणि कापड आवळतो. वर-खाली एकच दोरा वापरा, बॉबिनमध्ये स्वस्त दोरा भरू नका. खरी गोधडी लावण्याआधी त्याच तीन थरांचा वीतभर तुकडा शिवून ताण बघून घ्या. खालचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसला तर वरचा ताण कमी करा.

क्रम असा: पहिली टीप मधली उभी, दुसरी मधली आडवी. झाले चार भाग. मग मधल्या उभ्या ओळीच्या उजवीकडच्या सगळ्या ओळी, त्यानंतर गोधडी फिरवून डावीकडच्या. एका भागातल्या सगळ्या ओळी एकाच टोकाकडून सुरू करा. एक ओळ वरून खाली आणि शेजारची खालून वर शिवली तर दोन ओळींमधलं कापड तिरकं ओढलं जातं, तिरप्या सुरकुत्या पडतात. चौकोनाच्या जोडावरच टीप मारण्यापेक्षा जोडापासून २ सूत बाजूला मारा. जोडावरची टीप जरा हुकली की लगेच डोळ्यात भरते. दोन टिपांत ४ इंचांपेक्षा जास्त अंतर ठेवू नका.

गोधडीचं वजन टेबलाखाली लोंबू देऊ नका. लोंबणारं टोक सुईपाशी कापड मागे ओढतं आणि टाके लहान-मोठे होतात. डाव्या हाताला एक खुर्ची, मागे एक स्टूल, एवढं पुरतं.

खुणांसाठी साबणाची झिजलेली पातळ वडी सगळ्यात छान. गडद कापडावर स्वच्छ रेघ येते आणि पहिल्याच धुण्यात जाते. पाण्याने जाणारा निळा पेन वापरलात तर खूण धुवायच्या आधी इस्त्री लावू नका, उष्णतेने ती पक्की होते.

काठपदर

कडेच्या पट्टीचा हिशोब देते.

परीघ ३०० इंच. कोपरे आणि शेवटचा जोड धरून ३१२ इंच पट्टी लागेल. ४४ पन्ह्याच्या कापडाच्या किनारी कापल्या की ४२ इंच हाताशी राहतात. अडीच इंच रुंदीच्या ८ पट्ट्या म्हणजे ३३६ इंच. तिरप्या जोडात प्रत्येक वेळी अडीच इंच जातात, ७ जोडांचे साडेसतरा. उरले ३१८. पुरतं, पण काठोकाठ. ८ पट्ट्यांना २० इंच कापड लागतं, तुम्ही ६० सेंटिमीटर घ्या, म्हणजे नववी पट्टीही निघेल.

क्रॉस पट्टी गोल कडेला लागते. सरळ कडेला आडव्या धाग्यावर कापलेली पट्टी पुरे. क्रॉस पट्टी लावताना हाताखाली ताणली जाते आणि कड नागमोडी होते. तयार पायपीन या गोधडीला लावू नका. ती बहुधा अरुंद आणि पातळ असते, एकेरी बसते, आणि पांघरुणाची कड तर सगळ्यात आधी झिजते. रविवार पेठेत सुती कापड मीटरवर घ्या, धुऊन आटवा आणि घरीच पट्टी कापा.

जोड तिरपे घाला: दोन पट्ट्या सुलटीवर सुलट, काटकोनात ठेवून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टीप, २ सूत माया ठेवून बाकी कापा, माया उघडून इस्त्री. सरळ जोड घातला तर सगळी जाडी एकाच जागी येऊन गाठ होते. पूर्ण पट्टी उभी अर्धी दुमडून इस्त्री करा, सव्वा इंच दुहेरी पट्टी तयार.

आता गोधडीची कड सरळ कापून कोपरे काटकोनात आणा. एका बाजूच्या मधोमधपासून सुरू करा, कोपऱ्यापाशी कधीच नाही. पट्टीचं पहिलं १० इंच टोक मोकळं सोडा. पट्टीच्या उघड्या कडा गोधडीच्या कडेला भिडवून सुलट बाजूने, कडेपासून ३ सूत आत टीप मारा. पट्टी ओढू नका. ओढली तर गोधडीची कड आत वळून वाटीसारखी होते.

कोपरा: पुढच्या कडेला बरोबर ३ सूत शिल्लक असताना थांबा, दोन टाके मागेपुढे, दोरा कापा. हे ३ सूत आधी टाचणीने खुणावून ठेवा. एक सूत जरी पुढे गेलात तर कोपरा गोल होतो आणि कितीही ओढला तरी टोक येत नाही. पट्टी वरच्या दिशेला सरळ वळवा, ४५ अंशांची तिरपी घडी पडेल. ती बोटाने दाबून धरा आणि पट्टी पुन्हा खाली आणा. या दुसऱ्या घडीची वरची कड गोधडीच्या कडेशी तंतोतंत जुळली पाहिजे. तिथून अगदी कडेपासून पुढची टीप सुरू.

शेवटी दोन्ही टोकं मिळतील तिथे एकावर एक बरोबर अडीच इंच, म्हणजे पट्टीच्या रुंदीइतकी, चढवून जास्तीचं कापा. पट्टी उलगडून तोच तिरपा जोड घाला. मग पट्टी मागे वळवा, ती टिपेच्या साधारण एक सूत पुढे जाते. तिथे हाताने बारीक हेमिंग करा. टाका अस्तर आणि शीट यांतूनच घ्या, वर दिसू देऊ नका.

शनिपारची_सुई

केवढी मदत! उसवून झालं. जोडात किनार होतीच, दोन्ही पाटांची. अस्तर ६८ × ९८ करायला ५ मीटर लागलं होतं, आणि उरलेलं बरंच कापड आता पडून आहे. काठपदर ताई, एक शंका. वेगळी पट्टी न लावता अस्तरच पुढे वळवून कड केली तर? चार-चार इंच जास्त आहेच.

काठपदर

करता येते. १ इंच ठेवून बाकी कापा, अर्धा इंच मुडपून पुन्हा अर्धा इंच पुढे घ्या आणि कडेला टीप मारा. भिंतीवर टांगायच्या किंवा टेबलावरच्या कापडाला मी हेच सुचवेन. रोज पांघरायच्या गोधडीला नाही. कड झिजली की अस्तरच फाटतं आणि सगळी गोधडी उघडावी लागते. वेगळी पट्टी झिजली तर उसवून नवी लावता येते.

पुढच्या वेळी अस्तरासाठी १०८ इंच पन्ह्याचं चादरीचं कापड मिळालं तर पावणेदोन मीटरमध्ये काम होतं, जोडही नाही. नाहीतर सुती सहावारी साडी. साडेपाच मीटरमधून ९८ इंचाचे दोन पाट निघून वीसेक इंच उरतात. फॉल आणि काठ काढून टाका आणि पाट उजेडासमोर धरून बघा. निऱ्यांच्या जागी साडी विरलेली असते.

वाकळवाली

दुपट्याबद्दल मी लिहिते, कारण हाताच्या कामाचे नियम मशीनपेक्षा निराळे आहेत.

चार थरांपैकी मधले दोन थर चारही बाजूंनी पाऊण-पाऊण इंच लहान कापा. वरचा आणि खालचा थर पूर्ण मापाचा, अधिक सगळीकडून अर्धा इंच माया. ही माया आत, एकमेकींकडे तोंड करून मुडपा, इस्त्रीने बसवा आणि कडेपासून १ सूत आत धावदोरा घाला. मधले थर आखूड असल्याने कडेला दोन कापडांच्या घड्याच राहतात. नाहीतर कड दोरखंडासारखी जाड होते आणि बाळाला टोचते. वेगळी पट्टी लागत नाही.

धावदोरा कडेपासून सुरू करून चौकोनात आत आत जायचं, हीच आपली जुनी रीत. मशीनला मध्यातून सुरुवात लागते कारण तिथे थर ढकलले जातात. हाताने सुई वर-खाली जाते, थर जागच्या जागी राहतात. तरीही आधी मुठीमुठीवर कच्चे टाके हवेतच, नाहीतर मध्यावर येईपर्यंत कापड फुगून टोपी होते. ओळींत बोटभर अंतर ठेवा. सुईवर एका वेळी तीन-चार टाके घ्या, मग दोरा ओढा. अंगुस्तान मधल्या बोटात घाला, चार थरांतून सुई ढकलताना ते नसेल तर दोन ओळींत बोट सोलतं. दोरा हातभरच घ्या, त्याहून लांब घेतला की पीळ पडून गाठी होतात.

एक गोष्ट जवळून सांगते. दोरा संपला की वर गाठ ठेवू नका. नव्या दोऱ्याला लहान गाठ मारा, सुई ओळीच्या इंचभर बाजूला फक्त वरच्या थरात घाला, ओळीवर बाहेर काढा आणि हलका झटका द्या. गाठ कापडातून ‘टप्’ असा आवाज करून आत जाते आणि थरांमध्ये अडकून बसते. बाळाच्या नखात काही अडकत नाही. याच कारणाने दुपट्यात जरीचा काठ, टिकल्या, लेस काही नको. आणि झोपलेल्या तान्ह्या बाळावर जाड पांघरूण सुटं ठेवू नये, दुपटं खाली अंथरायला किंवा मांडीवर घेताना वापरावं.

टाचण

तव्याच्या कापडात ती शीट अजिबात घालू नका. पॉलिएस्टर साधारण २५० अंशांना वितळतं आणि त्याच्या आधीच मऊ पडतं. रिकामा तापलेला लोखंडी तवा तिथवर सहज जातो. मध्ये जुन्या सुती टॉवेलचे तीन थर, ८ × ८ इंच, बाहेरून सुती कापड, आणि दोराही सुतीच घ्या. मधून फक्त एक उभी-आडवी फुली मारा. जास्त टिपा मारल्या की थर दबतात आणि चटका लवकर लागतो.

पोळ्यांच्या डब्यात घालायला गोल रुमालही करता येईल. व्यास ९ इंच तर परीघ सव्वाअठ्ठावीस, पट्टी ३१ इंच कापा. इथे मात्र क्रॉसच हवी, २ इंच रुंद. १२ इंची चौकोनातून अशी ७२ इंच पट्टी निघते. जोडांत थोडी जाते, तरी दोन रुमाल होतात.

दुहेरी_टीप

लाल रंगाची परीक्षा आत्ताच करा. पांढरा ओला रुमाल लाल चौकोनावर ठेवून वरून गरम इस्त्री दहा सेकंद दाबा. रुमालावर गुलाबी डाग आला तर रंग जाणार. मिठाच्या पाण्यात भिजवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण कापडावर न बसलेला जास्तीचा रंग मिठाने पक्का होत नाही. तो धुऊनच काढावा लागतो. पुढच्या वेळी कापड कापायच्या आधी गरम पाणी आणि साबणात, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा.

आता चौकोन शिवून झाले आहेत, तर गोधडी पूर्ण करून पहिली धुलाई भरपूर पाण्यात करा आणि लगेच बाहेर काढा. ओली गोधडी घडी घालून बादलीत ठेवली की डाग हमखास. शेजारच्या पांढऱ्या चौकोनावर लाली दिसली तर वाळू देऊ नका. पुन्हा गरम साबणाच्या पाण्यात बुडवून रात्रभर ठेवा, रंग पाण्यातच राहतो. वाळला की मग निघणं कठीण.

शनिपारची_सुई

रुमालावर फिकट गुलाबी आलं, त्यामुळे धुलाई तशीच करेन. कच्चे टाके घालून मधली उभी-आडवी टीप मारली, मागे एकही चुणी नाही. नमुन्याच्या तुकड्यावर पट्टीचा कोपराही करून पाहिला. पुढून टोकदार आला, पण मागे गोळा होतोय. कुठे चुकतंय?

काठपदर

दोन गोष्टी बघा. पट्टी मागे वळवण्याआधी गोधडीच्या कोपऱ्याचं टोक, फक्त शीट आणि अस्तर, टिपेला धक्का न लावता एक सूत तिरपं कापा. आणि मागची घडी पुढच्या घडीच्या उलट दिशेला घाला. पुढची घडी उजवीकडे पडली असेल तर मागे आधी उजवी बाजू वळवा, मग डावी तिच्यावर. जाडी दोन्हीकडे वाटली जाते आणि गोळा होत नाही. घडीच्या तिरप्या रेघेवर दोन-तीन बारीक टाके घालून ती बंद करा, धुताना उघडत नाही.

वाकळवाली

मृगाच्या आधी धुऊन घ्या. पावसात शीट वरून कोरडी लागते आणि आत ओल राहते, मग घडीला कुबट वास येतो. सावलीत दोन दोऱ्यांवर आडवी घाला, एका दोरीवर टांगली तर ओल्या वजनाने पट्टीच्या टिपा ताणतात.